पर्जन्यबाग : कुम्हारीच्या मातीत पावसाचे पाणी कसे जिरेल?

छत्तीसगडमधील रायपूर आणि भिलाई या दोन शहरांच्या मध्ये, मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर कुम्हारी हे दुर्ग जिल्ह्यातील नगरपालिकेचे गाव आहे. पूर्वी क्रमांक ६ आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावातून जातो. गावाच्या पूर्वेला खारून नदी असून तीच रायपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांची सीमा आहे. दोन्ही शहरे जसजशी एकमेकांच्या दिशेने वाढत गेली, तसतशी मधल्या धानाच्या शेतांवर घरे, गोदामे आणि रस्ते उभे राहिले. जिथे पूर्वी पावसाचे पाणी थांबत होते, तिथून ते आता वाहून जाऊ लागले आहे. हे पाणी उगमापाशीच थोपवून जमिनीत मुरविण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक साधा उपाय म्हणजे पर्जन्यबाग, अर्थात रेन गार्डन.

नावात बाग असली तरी पर्जन्यबागेचा मुख्य गुण तिच्या खोलगटपणात असतो. नेहमीच्या बागेत माती उंचावून वाफे केले जातात. येथे नेमके उलट करावे लागते. छपराचे, अंगणाचे किंवा रस्त्याचे पाणी जिथे येऊन पोहोचते तिथे वीतभर खोल, सपाट तळाचा उथळ खड्डा केला जातो. त्यात पाणी मुरू देणारी माती भरून ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावली जातात. पावसात हा खड्डा भरतो आणि एक-दोन दिवसांत रिकामा होतो. पाणी कायम साठून राहिले तर ती पर्जन्यबाग नव्हे, डबके होय.

मेरीलँडमधील सुरुवात

आज प्रचलित असलेली ही कल्पना १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस परगण्यात आकाराला आली. तेथील सॉमरसेट या नव्या वसाहतीत पावसाच्या पाण्यासाठी भूमिगत वाहिन्या आणि मोठा साठवण तलाव बांधण्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारात सुमारे ३०० ते ४०० चौरस फुटांची पर्जन्यबाग करण्यात आली. पुढे अमेरिकेतील पोर्टलँड आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्न या शहरांनी रस्त्यांच्या कडेलाही असे खड्डे केले. सिंगापूरने २००६ पासून आपल्या जलवाहिन्या आणि उद्याने एकत्र जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याविषयीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तीत गटारांच्या मापांबरोबरच पाणी जागच्या जागी जिरविण्याच्या उपायांचाही विचार आहे.

परदेशी पुस्तिकांतील मापे मात्र जशीच्या तशी उचलता येत नाहीत. मेरीलँडच्या त्या भागात वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. कुम्हारीच्या परिसरातही तो १२०० मिलिमीटरच्या आसपास असतो. बेरीज जवळजवळ सारखी असली तरी तेथे हा पाऊस बारा महिन्यांत विभागला जातो. छत्तीसगडच्या मैदानात मोसमी पाऊस जूनच्या मध्यास दाखल होतो आणि बहुतेक सगळे पाणी सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जाते. जुलै आणि ऑगस्ट या प्रत्येक महिन्यात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. म्हणजे खड्डा एका पावसाने भरला की तो रिकामा होण्याआधीच पुढचा पाऊस येऊन ठेपतो. त्यानंतर नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत याच खड्ड्यातील झाडांना जवळजवळ पाण्याविना आणि अखेरीस ४४-४५ अंश तापमानात तग धरावा लागतो.

बांधी गेली, साठा गेला

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हटले जाते. धानाची बांधी, म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेले शेत, ही एका अर्थाने मोठी पर्जन्यबागच आहे. बांधीत दहा सेंटिमीटर पाणी उभे असेल तर एका हेक्टरात १००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी थांबलेले असते. त्याच हेक्टरावर घरे आणि सिमेंटचे रस्ते झाले की हा साठा एका रात्रीत नाहीसा होतो. पक्क्या पृष्ठभागावर पडलेल्या पावसापैकी ८० ते ९५ टक्के पाणी वाहू लागते. ते गटारात जाते, गटारातून नाल्यात, नाल्यातून खारून नदीत. खारून पुढे सिमग्याजवळ शिवनाथ नदीला आणि शिवनाथ महानदीला मिळते. पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी आणि एप्रिलमध्ये कोरडी विंधन विहीर, ही दोन्ही दृश्ये या एकाच बदलातून येतात.

बांधीची जमीन आणखी एक अडचण मागे ठेवून जाते. वर्षानुवर्षे केलेल्या चिखलणीमुळे शेताच्या वरच्या थराखाली, साधारणतः वीतभर खोलीवर, एक घट्ट थर तयार होतो. धानाला तो हवाच असतो, कारण त्यामुळे पाणी टिकते. शेत जाऊन त्या जागी घर आले तरी हा थर तसाच राहतो आणि वर केलेल्या पर्जन्यबागेतील पाणी खाली जाऊ देत नाही. तो पहारीने फोडल्याशिवाय पुढचे काही करण्यात अर्थ नाही. बांधकामाच्या वेळी ट्रक आणि यंत्रे फिरून दबलेल्या जमिनीलाही हेच लागू आहे.

भाटा, मटासी, डोरसा, कन्हार

छत्तीसगडच्या मैदानातील शेतकरी मातीचे चार प्रकार मानतात. उंचवट्यावर भाटा, म्हणजे तांबूस, खडेयुक्त, मुरमाड आणि हलकी बरड जमीन. तिच्याखालच्या उतारावर पिवळसर मटासी. त्याखाली डोरसा, आणि सखल भागात कन्हार, म्हणजे खोल काळी चिकण माती. कन्हार ही विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीचीच बहीण आहे. कुम्हारीच्या परिसरात मुरुमाच्या खाणी आहेत आणि धानाची सखल शेतेही आहेत. त्यामुळे अवघ्या काही शे मीटरच्या अंतरात माती पूर्ण बदललेली आढळू शकते. पर्जन्यबाग साधेल की फसेल, हे मुख्यतः येथेच ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेत दिलेले पाणी मुरण्याचे सर्वसाधारण वेग असे आहेत : रेताड पोयटा जमिनीत ताशी २० ते ३० मिलिमीटर, पोयट्यात १० ते २० मिलिमीटर आणि चिकण मातीत अवघे १ ते ५ मिलिमीटर. याचा अर्थ १५ सेंटिमीटर खोलीचा भरलेला खड्डा ताशी २५ मिलिमीटर पाणी मुरविणाऱ्या जमिनीत सहा तासांत रिकामा होईल. ताशी १२ मिलिमीटरच्या जमिनीत त्याला साडेबारा तास लागतील. ताशी २ मिलिमीटर पाणी घेणाऱ्या कन्हारात मात्र तीन दिवसांहून अधिक, म्हणजे ७५ तास. पावसाळ्यात तीन दिवस कोरडे मिळणे कठीण. तेव्हा अशा जागी तोच खड्डा पावसाळाभर तुंबून राहील.

त्यामुळे आधी चाचणी करणे आवश्यक ठरते. निवडलेल्या जागी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरून माती भिजू द्यावी, मग पुन्हा भरून तासाला पाण्याची पातळी किती उतरते हे पट्टीने मोजावे. इतके सोपे काम, पण त्याची वेळ चुकली तर निष्कर्ष पूर्ण उलटा येतो. उन्हाळ्यात कन्हाराला रुंद आणि खोल भेगा पडतात. मे महिन्यात त्या जमिनीवर ओतलेले पाणी भेगांतून क्षणात दिसेनासे होते आणि जमीन उत्तम निचऱ्याची असल्याचा भास होतो. जुलैमध्ये माती फुगून भेगा मिटतात आणि तीच जमीन घड्याच्या बुडासारखी होते. सरकारी कामांचे अंदाजपत्रक बहुधा उन्हाळ्यात तयार होते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. काळ्या जमिनीवरील चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच घेतलेली बरी.

आकार किती असावा

एखाद्या घराचे छप्पर १०० चौरस मीटर आहे असे धरू. २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील दहावा हिस्सा भिजण्यात व उडण्यात गेला, तर सुमारे २२५० लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते. १५ चौरस मीटर क्षेत्राचा आणि १५ सेंटिमीटर खोलीचा खड्डा एवढे पाणी धरून ठेवतो. म्हणजे मध्यम जमिनीत छपराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकी जागा लागते. कन्हारावर खोली निम्मी, म्हणजे साडेसात सेंटिमीटर करावी. तेवढे पाणी सुमारे ३७ तासांत मुरते. मात्र साठा तेवढाच हवा असल्यास जागा दुप्पट, ३० चौरस मीटर लागते. तेवढी जागा नसेल तर तळाशी खडीचा थर देऊन त्यात छिद्रांची नळी टाकतात आणि गाळलेले पाणी पुढे नाल्यात किंवा तलावात सोडतात. अशा रचनेत भूजलभरण थोडे होते, पण पाणी संथ आणि स्वच्छ होऊन बाहेर पडते.

आता मोठ्या पावसाचा विचार करू. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर वरील छपरावरून ९००० लिटर येतील आणि खुद्द बागेवर १५०० लिटर पडतील. पाऊस दिवसभर सारखा पडला आणि जमीन ताशी १२ मिलिमीटर पाणी घेत असेल तर यातील साडेसहा हजार लिटर पाणी १५ चौरस मीटरची बाग सामावून घेईल. तोच पाऊस तीन तासांत कोसळला तर ती जेमतेम पावणेतीन हजार लिटर घेईल, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. उरलेल्या पाण्याला सुरक्षित वाट द्यावीच लागते. म्हणून काठाचा एक भाग इतरांपेक्षा थोडा खाली ठेवून तेथे दगड बसवितात आणि सांडवा कोठे उतरणार हे आधी ठरवितात. तो शेजाऱ्याच्या भिंतीकडे उतरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

घराच्या पायापासून बाग किमान तीन मीटर दूर असावी. काळ्या मातीत हे अंतर अधिक असलेले चांगले, कारण ती माती ओलीने फुगते, सुकल्यावर आकसते आणि पायाला तडे जातात. शोषखड्डा किंवा सेप्टिक टँकच्या जवळही बाग करू नये. बाराशे चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधल्यानंतर एवढी जागा क्वचितच उरते. त्यामुळे कुम्हारीसारख्या गावात पर्जन्यबागेच्या खऱ्या जागा म्हणजे शाळांची आवारे, नगरपालिकेच्या मोकळ्या जागा, रेल्वे वसाहती आणि जुन्या घरांच्या मागची ‘बारी’, अर्थात परसबाग. चारशे चौरस मीटर छपराच्या शाळेला मध्यम जमिनीत साठ चौरस मीटर, म्हणजे एका मोठ्या वर्गखोलीएवढी जागा पुरते.

भरण, झाडे आणि काही मोह

खड्ड्यात भरावयाच्या मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक वाळू, उरलेल्या भागात चांगली माती आणि कुजलेले खत असे प्रमाण सर्वसाधारणपणे सुचविले जाते. भाटा जमिनीत वाळू कमी आणि खत अधिक घ्यावे लागते, कारण पाणी मुरण्याची अडचण तेथे कमी असते आणि ओल टिकण्याची अधिक. भिलाईच्या आसपास वाळूला स्वस्त पर्याय म्हणून पोलाद कारखान्यातील मळी किंवा वीज केंद्रांतील राख वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण पोलादाच्या मळीतून झिरपणारे पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि राखेचे बारीक कण मातीची छिद्रे बुजवितात. या दोन्ही गोष्टी रस्त्याच्या भरावात शोभतात, बागेत नव्हे.

झाडांच्या निवडीत वाळ्याला तोड नाही. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला वाट करून देतात. तो आठवडाभर पाण्यात उभा राहतो आणि उन्हाळ्यात वरून वाळला तरी मुळाशी जिवंत असतो. तळात वाळा, लव्हाळे व कर्दळ, काठावर निरगुडी आणि अडुळसा अशी मांडणी करता येते. अर्जुन हा नदीकाठचा वृक्ष असल्याने ओल सोसतो, परंतु तो मोठ्या आवारातच लावावा. बेशरमाची झुडपे मात्र दिसताक्षणी उपटावीत. नावाप्रमाणेच तिला एकदा जागा मिळाली की ती सोडत नाही.

जमिनीखालची परिस्थितीही समजून घ्यावी लागते. या मैदानाखाली बहुतांशी चुनखडक आणि शेल आहे. चुनखडकातील भेगा आणि पोकळ्यांतून पाणी वेगाने पुढे सरकते, ते तेथे गाळले जात नाही. त्यामुळे वरून जे जाईल ते थोड्याच काळात कोणाच्या तरी हातपंपातून बाहेर येऊ शकते. छपराचे पाणी नळीने थेट विंधन विहिरीत सोडण्यापेक्षा मातीच्या थरातून जाणारी पर्जन्यबाग याच कारणाने अधिक सुरक्षित आहे. बाग करताना खणत खणत खडकापर्यंत जाणे त्याचमुळे टाळावे. महामार्गावरील पाण्यात तेल, टायरची भुकटी आणि धातूंचे अंश असतात. ते घ्यायचेच असेल तर बागेच्या आधी गाळ बसण्यासाठी छोटा हौद हवा. रायपूरजवळच्या उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यातील काळ्या धुळीबद्दल तेथील रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. ज्या छपरांवर अशी धूळ साचते, तेथील पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वेगळे काढून द्यावे.

आणि सांडपाणी तर अजिबात नको. लहान शहरांतील उघड्या गटारांतून मोरीचे आणि पावसाचे पाणी एकत्र वाहते. असे गटार बागेला जोडले की बाग कधीच सुकत नाही, तिला वास येतो आणि वर्षभरात लोक ती बुजवून टाकतात.

डासांचा प्रश्न

पर्जन्यबागेला होणारा सर्वांत मोठा विरोध डासांच्या भीतीतून येतो आणि कुम्हारीच्या परिसरात ही भीती निराधार नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये भिलाईत डेंग्यूची साथ पसरून अनेकांचा मृत्यू झाला होता. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे ४८ तासांत रिकाम्या होणाऱ्या खड्ड्यात त्याची पैदास होऊ शकत नाही. परंतु हे संरक्षण खड्डा खरोखर रिकामा होत असेपर्यंतच टिकते. सततच्या पावसात पाणी चार दिवस उभे राहिले तर सांडव्याची पातळी खाली आणून साठा कमी करणे, हा एकमेव मार्ग उरतो. पाणी मुरविण्यापेक्षा आरोग्याला अग्रक्रम द्यावा लागेल, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पर्जन्यबागेकडून महापुराच्या निवारणाची अपेक्षा करणेही चुकीचे ठरेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरले. चीनमधील चंगचौ शहराने पाणी शोषणारे ‘स्पंज शहर’ होण्यासाठी मोठा खर्च केला होता. तेथे २० जुलै २०२१ रोजी एका तासात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तेव्हा भुयारी रेल्वेतही पाणी शिरून प्रवासी दगावले. अशा पावसापुढे वीतभर खोल खड्डे हतबल असतात. त्यांचे काम वर्षातील इतर असंख्य लहान-मध्यम पावसांचे आहे.

मोठ्या पावसासाठी तलाव हवेत, आणि दुर्ग जिल्ह्याला ते नवे नाहीत. याच जिल्ह्यातील धमधा या गावाविषयी ‘छै आगर छै कोरी’ तलावांची म्हण प्रसिद्ध आहे. कोरी म्हणजे मराठीतील कोडी, अर्थात वीस. सहा कोरी आणि वर सहा, असे १२६ तलाव. हे तलाव एकमेकांना जोडलेले होते आणि एकाचे जादा पाणी दुसऱ्यात उतरत असे. पर्जन्यबागेचा सांडवा गटाराऐवजी गावतलावाच्या वाटेला लावता आला, तर बागेत गाळलेले पाणी तलावाला मिळते आणि तलावात जाणारा गाळही घटतो. कुम्हारीतही मोठा तलाव आहे. त्याच्या येव्याच्या वाटा बांधकामांखाली गेल्या आहेत की मोकळ्या आहेत, हे पाहणे कोणत्याही आराखड्याची पहिली पायरी ठरेल.

देखभालीचे काम वर्षातून तीनदाच, पण वेळेवर करावे लागते. मे महिन्यात तळावर साचलेला दोन-तीन सेंटिमीटरचा धुळीचा पापुद्रा खरवडून काढावा, अन्यथा पहिल्याच पावसात तो लिंपणासारखा बसतो. जुलैमध्ये एखाद्या मोठ्या पावसानंतर पाणी किती तासांत उतरले याची नोंद ठेवावी. दरवर्षी हा काळ वाढत असेल तर माती बुजत चालली आहे असे समजावे. पावसाळा संपल्यावर तण काढून वाळा कापावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झाडांना पाणी द्यावे लागते. तिसऱ्या वर्षापासून वाळ्याची मुळे खालची ओल स्वतः शोधतात.